चाकवाला पावना

घणसोली गावच्या चांगुणाबाईंनी ओट्यावर बसून सांगितलं, ते जमेल तितकं त्यांच्याच बोलीत.

माझा नाव चांगुना. माहेर तलवली, सासर हा घनसोली, म्हंजे जल्मात मी किती लांब आयली तर एका गावातून बाजूच्या गावान. आमी आगरी मानसां. बाप मिठागरावर बी जायचा नि खारातला भात बी लावायचा. खार म्हंजे काय सांगू तुमाला, खाडीचा पानी आत येऊ नये म्हून मातीचा बांद घालायचा नि आतल्या जमिनीन भात घ्यायचा. बांद फुटला का सगला गाव धावायचा, बायका, पोरां, पाट्या घेऊन, कोन कोनाच्या भांडनात हाय ते तवा कोनी बगायचा नाय. मंग शहर वसवायचा ठरला नि सायेब लोक जमीन मोजायला आयले. मी तवा परकर नेसायची. साखली घेऊन, तीन पायांची दुर्बीन घेऊन, लाल-पांढऱ्या काठ्या रोवत आयले. उनाचे दमले म्हून माझे आयनी त्यांना अंगनात बसवला, तांदलाच्या भाकऱ्या नि सुकटीचा कालवन वाढला, ते बोलले बाई जेवान लय चांगला. नि पुढं जमीन गेली. आय मरंपर्यंत बोलायची, मी त्यांना जेवायला घातला. एवढाच बोलायची, पुढं काय नाय.

लग्न करून इकडं आयली. नवरा ठाने-बेलापूर रोडच्या कारखान्यांच्या पट्ट्यात, केमिकलच्या कंपनीत होता, छातीच्या दुखन्यानी गेला. पदरात एकच पोरगी, सुरेखा. मी मार्केटान कांदा निवडायला जायला लागली, वाशीला, दिवसभर कांद्याच्या ढिगान बसायचा, सडका बाजूला, मोठा बाजूला, बारका बाजूला. घराच्या मागं नवऱ्यानी आपल्या हातानी एक खोली वाढवलेली, ती मी भाड्यानी द्यायची. गावान सगल्यांनीच खोल्या वाढवलेल्या. जमीन गेली, पोरां वाढली, मानसांनी करायचा काय. पन सरकारच्या कागदावर त्या खोल्या नव्हत्या, हे ध्यानात ठेवा, पुढचा सगला त्याच्यावरूनच झाला.

तो आयला तवा उनाला होता. ठाने-बेलापूर रोडनी एक गोरा मानूस चालत आयला. साठीच्या अलीकडचा असल, पन उनानी तोंड भाजून तांब्यासारखा झालेला, दाढी पिवली. कमरेला दोरीनी बांदलेली दोन चाकांची गाडी, तिच्यावर सामान, आनि हातान एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला एकच चाक, ते पुढं ढकलत चाललाय नि चाक टिक टिक वाजतंय. पायाला जखम, चिघललेली, बुटातून पानी गलत होता. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाय बगितला नि सांगितला, अजून चाललास तर पाय जाईल, महिनाभर तरी गप बस. डॉक्टरांना म्हाईत माझी खोली रिकामी हाय. मना निरोप धाडला. मी नको बोलली, घरान वयात आलेली पोरगी, गावाची तोंडां कोन धरनार. पन सुरेखाच बोलली, ठेव ना आई, माझा इंग्लिश सुधारल. ती तवा वाशीला कॉलेजान जायची. मंग दीराला इचारला. दीर म्हंजे नवऱ्याचा धाकटा भाव, बालाराम. घराला घर चिकटून, मधे एकच भिंत. जमिनीच्या मोर्च्यान पोलिसांची काठी खाल्लेली त्यानी, उजवा हात मनगटात वाकडा तो वाकडाच राहिला. गावाच्या कामान तो पुढं असायचा, आनि नवरा गेल्यापासून त्याला इचारल्याबिगर मी काय केला नाय. तो बोलला, ठेव वयनी, मी हाय ना बाजूला. असा बोललेला तो, तोच बालाराम.

गोऱ्याचा नाव योहान. हॉलंडचा. हा मानूस आपल्या घराला कडी घालून चालत निघालेला, ना इमान, ना बोट, ना मोटार. तिकडचे देश वलांडून तुर्कस्तान, मंग इरान, मंग बलुची लोकांचा वालवंट, मंग पाकिस्तान, पंजाब, राजस्थान, गुजरात नि आमचा घनसोली. पुढं कन्याकुमारीपर्यंत जायचा, जमीन संपेपर्यंत. मी बोलली, ह्याला घरी कोन नाय का. तर बायको मेलेली, पोर नाय. काम काय करायचा तर तिकडं समुद्राला बांद घातलेत, त्या बांदांवरनं हाच चाक ढकलत चालायचा नि लांबी मोजायची, जल्मभर तोच काम. बायको गेल्यावर त्याच चाकाला हातान धरून घरातून निघाला नि थांबलाच नाय. चाकाला एक डबी, तिच्यान आकडे फिरायचे. काल जिथं चाक उचलला तिथंच आज टेकवायचा, मधला एक पाऊल सुटला नाय पायजे. डॉक्टर रिक्षान बस बोलत होते तरी तो नाक्यापासून माझ्या दारापर्यंत त्या सडक्या पायानी चाक ढकलत आयला.

संध्याकाली हाच ओटा भरायचा. बायका, पोरां, बालाराम बी येऊन भिंतीला टेकून बसायचा. योहान बोलायचा, सुरेखा मराठीत सांगायची. तुर्कस्तानच्या डोंगरान बर्फ पडला तवा एका म्हातारीनी चुलीत दगड तापवले, फडक्यात गुंडालून ह्याच्या अंथरुनात ठेवले नि आपन सोता गोठ्याजवल निजली. तिकडं मेंढ्यांचे कुत्रे वासराएवढे, गल्यान खिल्यांचे पट्टे, त्यांना हा मानसापेक्षा जास्ती भ्यायचा. इरानात एका ट्रकडायवरच्या घरी सन होता, ताटलीत गहू उगवून हिरवे करून ठेवलेले, आमी नवरात्रीन घट बसवतो तसेच. त्या घरच्या बाईनी ह्याला जाऊच दिला नाय, सन झाल्यावर जा बोलली. आमच्या बायकांना हा जाम आवडायचा, परत परत सांगायला लावायच्या, गव्हाला पानी कोन घालायचा, ताटली मंग कुटं सोडतात, सगला इचारायच्या.

आनि बलुची लोकांचा. वालवंटान बंदुकवाल्यांनी ह्याला धरला. चाक बगून बोलले तू हेर हाय, आमची जमीन मोजतोस. पलून जाऊ नये म्हून ह्याचे बूट काढून घेतले नि मातीच्या खोलीन कोंडला. सकाली त्यांच्यातला म्हातारा आयला, समोर बसला, एक भाकरी मोडून अर्धी ह्याला दिली, अर्धी आपन खाल्ली, नि काय न बोलता बूट परत केले. बालारामनी तवा इचारलेला, मंग त्यांची जमीन तू मोजलीस का नाय. सुरेखानी इंग्लिशमधे इचारला. योहान हसला नि बोलला, मोजली ना, माझ्या वाटेपुरती. सगले हसले. बालाराम नाय हसला. मी बगितला, तो नाय हसला.

खाराचा मीच त्याला सांगितला. बाप बांदाला माती कशी थापायचा, पानी सोडायला उघाडी, म्हंजे बांदातली झडप, कुटं ठेवायचा. त्याचे डोले असे मोठे झाले. बोलला, माझा गाव बी असाच, समुद्राच्या पान्यापेक्षा खाली, बांदाच्या आडोशाला. पाय जरा सुकला तवा मी नि सुरेखा त्याला घेऊन जुन्या बांदावर गेलो. आता कसला बांद, जागोजागी फुटलेला, तिवरां माजलेली. पन तो खाली बसला, चिखल हातान घेऊन चुरला, वास घेतला. मंग उठला नि चाक टेकवला. थोडा मोजला असल नसल, पाय दुखायला लागला म्हून परत आयलो. खाडीवर दोघं-तिघं मासेवाले होते, त्यांनी बगितला.

त्याच हप्त्यान गावान नोटिसा लागल्या. वाढीव खोल्या बेकायदा हायेत, पाडनार. दारोदार चिकटवल्या, माझ्या बी दारावर, बालारामच्या बी. काय सांगू तुमाला, गावाचा चेहराच बदलला. लोकांच्या मनान एकच, आपल्या मागच्या खोल्या ह्यांना कशा कलल्या, कोनतरी आत येऊन मोजून गेला असल. नाव कोनी घेत नव्हता, पन डोले सगल्यांचे माझ्या घराकडं. नलावर माझी कलशी कोनीतरी मागं सरकवली. मार्केटान टेम्पोत आमच्या गावच्या बायका मना जागा करायच्या त्या करेनाशा झाल्या, मी दाराला धरून उभी जायची. ओट्यावर संध्याकालचा कोनी येईना. बालाराम समोरून जायचा तो मान खाली घालून.

मना बी भ्या वाटला. खोटा कशाला बोलू, मना बी वाटला का असल बाबा, कोनी पाठवलेला असल. मी सुरेखाला खोलीन नेली नि इचारला, पोरी, तू त्याच्याशी इतकी बोलतेस, खरा सांग, हा कोन हाय. ती बोलली, आई, तो चालनारा मानूस हाय, बाकी काय नाय. मंग मी त्याला तिच्या तोंडून सांगितला, थोडे दिवस चाक बाहेर काढू नको, लोक तापलेत. तो मान हालवून बरा बोलला. खरंच त्यानी चाक कोपऱ्यान उभा करून ठेवला. पन त्या मानसाच्या जिवाला चैन नाय, बांद अर्धा राहिला, अर्धा राहिला, असा करायचा. आनि एक दिवस मी मार्केटान, सुरेखा कॉलेजान, तो सकाली चाक घेऊन गेला. बांद मोजला, नि बांदावरनं थेट गावातून मोजत मोजत माझ्या खोलीपर्यंत आयला, सगल्या गल्ल्यांतून, सगल्यांच्या दारावरून.

मी टेम्पोतून नाक्यावर उतरली तवा दिवे लागायची वेल. दुकानां बंद. मना वाटला कोनतरी गेला गावान. गल्लीन वलली तर पाय ठेवायला जागा नाय, मानसांच मानसां, नि आवाज नाय. आरडाओरडा असता तर मना एवढा भ्या वाटला नसता. मना बगून मानसां सरकली, मधून वाट झाली, नि त्या वाटेच्या टोकाला माझा दार नि दारासमोर बालाराम. दार आतून बंद.

बालाराम बोलला, वयनी, सुरेखानी आतून कडी घातलीय, तिला उघडायला सांग नि तू बाजूला हो. पोरीला कोन हात लावनार नाय. आमाला तो पायजे नि त्याचा चाक. मी बोलली, त्यानी काय केला. तो बोलला, माझ्या दारावरून मोजत गेला, मी आतून बगत होतो. दारावर नोटीस चिकटलेली नि तिच्यासमोरनं हा चाक वाजवत गेला. तूच सांग मी काय समजू. त्याचा आवाज चढलेला नव्हता. तेवढ्यात मागनं कोनीतरी दगड मारला, तो कौलावर पडला, कौल फुटून तुकडे माझ्या पायाजवल आयले. आत सुरेखा ओरडली. माझे पाय लटलट कापत होते, उभा राहवेना, म्हून मी उंबऱ्यावरच बसली. लोक नंतर बोलले चांगुना दार अडवून बसली. अडवायला नाय हो, पडू नये म्हून बसली.

बसली नि तोंडातून आपोआप निघाला. मी बोलली, बालाराम, तुला जे वाटला ते मना बी वाटलेला. मोजनाऱ्यांना माझे आयनी जेवायला घातला, ती त्या घासासाठी जल्मभर रडली. मी बी तोच केला असल तर हा चाक मी माझ्या हातानी खाडीन टाकीन. पन आधी त्याला सगल्यांसमोर इचार. सुरेखा सांगल तो काय बोलतो ते. ती तुझ्या भावाची पोर हाय, ती तुझ्याशी खोटा बोलनार नाय.

बालारामनी कौलाचा तुकडा पायानी बाजूला सारला. मंग मागं वलून बोलला, कोनी दगड मारायचा नाय. मी दारावर थाप मारली. सुरेखानी कडी काढली, तोंड पांढराफटक. तिच्या मागनं योहान आयला, चाक हातान धरून, जसा बाप पोराचा हात धरतो तसा.

बालारामनी इचारला, तुला कोनी पाठवला. सुरेखानी इचारला, त्यानी सांगितला, कोनी नाय. मंग मोजून काय करतोस. योहान चाकाच्या डबीवर अंगठा फिरवत राहिला. गर्दी कुजबुजायला लागली. मंग तो हलू हलू कायतरी बोलला नि सुरेखा त्याच्या तोंडाकडं बगत राहिली. बालाराम बोलला, सांग काय बोलला. ती बोलली, काका, तो बोलतो, मना म्हाईत नाय. थांबलो का मी एकटा हाय, चाक वाजत असला का एकटा नाय, एवढाच मना कलतो. मागून एक जन बोलला, असा कोन सांगल तर इश्वास ठेवायचा का. बालारामनी हात वर केला. बोलला, आनि आमचा बांद का मोजलास. योहान बोलला, माझ्या बापाच्या बांदासारखा दिसला म्हून.

मंग त्या मानसानी काय केला, चाक भिंतीला टेकवला, इथंच ओट्यावर बसला नि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. एका पायाला पट्टी, तिच्यावर रगत उमटलेला. दोन्ही बूट काढले नि बालारामच्या पायाशी नेऊन ठेवले. मी पलनार नाय, असा. सगल्यांना ते बलुची लोकांचा आठवला, ओट्यावर बसून सगल्यांनी ऐकलेला. गल्लीतली एक म्हातारी होती, इरानच्या बाईचा रोज सांगायला लावायची ती, ती बोलली, बालाराम, बूट दे रे त्याचे त्याला. बालाराम वाकला. मना वाटला, सुटलो.

तेवढ्यात एक पोरगा पुढं आयला. नाव नाय घेत, आज बायका-पोरांचा हाय तो. त्यानी भिंतीशी टेकवलेला चाक उचलला नि ओट्याच्या दगडावर आपटला. परत आपटला. बालाराम थांब बोलंपर्यंत दांडा मोडला, चाक मुरगलून वाकडा झाला, नि ती डबी फुटून आतली दात्यांची बारीक बारीक चाकां गटाराच्या काठाला उडाली. योहान अनवानी पायानी गेला, गुडघ्यावर बसला नि ती बारीक चाकां येचायला लागला, पट्टीचा पाय चिखलान. कोनी मदत नाय केली, कोनी हसला बी नाय. लोक एकेक करून निघून गेले. शेवटी बालाराम राहिला. त्यानी बूट उचलले, माझ्या घरान आत नेऊन ठेवले नि गेला.

मंगचे दिवस सगल्यांत वाईट. पाय परत चिघलला, त्याला जाता येईना. खोलीन भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. मी ताट ठेवायची, अर्धा खायचा. मी बी त्याच्यावर शंका घेतली म्हून सुरेखा माझ्याशी बोलायची नाय, गावाशी बोलायची नाय, काकाच्या घरान तर पाय ठेवला नाय. मना राग यायचा, त्याचा बी. बोलली होती ना मी, चाक काढू नको. एका शब्दाची किंमत ठेवली असती तर. पन हे त्याला सांगायला सुरेखा पायजे, नि सुरेखा माझा निरोप सांगनार नव्हती.

एक दिवस बालाराम आयला. हातान सायकलचा चाक, त्याला तलवलीच्या वेल्डिंगवाल्याकडनं दांडा बसवून आनलेला, रंग बी लावलेला. खोलीच्या दारात उभा राहिला, आत जाईना. मीच हाक मारली. योहान उठून बसला, चाकाकडं बगितला, हात फिरवला, नि नाय बोलला. मानेनीच. रागानी नाय, पन नाय बोलला. ते मोडला तिथं त्याचा मोजलेला संपला, आता दुसऱ्या चाकानी त्याला जोड लागनार नव्हती, असा सुरेखा नंतर बोलली. बालाराम ते चाक तसाच घेऊन परत गेला. एवढा मोठा मानूस, पाठीतून वाकलेला दिसला मना.

पाय सुकल्यावर योहान निघाला. सकालची वेल. मी भाकऱ्या बांदून दिल्या. त्यानी माझ्या पायाला हात लावला, हे त्याला कोनी शिकवला काय म्हाईत, सुरेखानीच असल. गाडी कमरेला बांदली नि रिकाम्या हातानी चालायला लागला. ते हात त्याला कुटं ठेवायचे कलत नव्हते, कधी खिशान, कधी मागं. गल्लीच्या तोंडाशी बालाराम उभा. तो योहानच्या मागनं चालायला लागला. तुर्भे, नेरूल, पार बेलापूरपर्यंत गेला त्याच्यासंगं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाय, बोलनार काय. संध्याकाली परत आयला तवा मी इचारला, काय झाला. बोलला, काय नाय, रोडला लावून आयलो. मंग थोड्या वेलानी बोलला, जाताना त्यानी माझा वाकडा हात धरला वयनी, किती वेल सोडला नाय.

खोल्या पाडायला ते पुढं आयलेच, पाऊस गेल्यावर. मशीन आयला, पोलीस आयले. आमी सगले आडवे झालो, मी नि बालाराम पयल्या रांगेन. बालारामनी त्यांच्या सायबाला इचारला, तुमी मोजला कवा, कोनी मोजला. सायेब बोलला, मोजायला कशाला यायला पायजे, हापिसात जुने नकाशे हायेत, त्यांच्यान नाय त्या खोल्या पाडायच्या. माझी खोली पाडली, त्याची बी पाडली. आमी दोन्ही परत बांदल्या.

आता गावाच्या पलीकडं रेल्वेचा काम चाललाय, बांद होता तिकडं भरनी टाकलीय, इमारती होनार. सुरेखाचा लग्न झाला, पनवेलला असते, शालेन इंग्लिश शिकवते, काकाशी बोलते, काय करनार, रगताचा मानूस. बालाराम अंथरुनाला लागलाय, एक बाजू गेली त्याची. मी रोज पेज घेऊन जाते, सून नोकरीला जाते ना त्याची. शब्द नीट फुटत नाय त्याला, पन पेज भरवताना मधेच थांबतो नि इचारतो, वयनी, तो पोचला असल का गं. दर दोन-चार दिवसांनी इचारतो. मना काय म्हाईत. कधी पत्र नाय, निरोप नाय, जिवंत हाय का नाय ते बी म्हाईत नाय. पन मी सांगते, पोचला रे बाबा, कवाच पोचला, समुद्रान पाय बुडवून बसलाय. मंग तो पुढचा घास घेतो. देव त्या मानसाचा भला करो, नि ह्या मानसाचा बी.